करंगळीतलं रबर

कोकणातला माणूस म्हटला की लोक पहिल्यांदा भुताखेतांचं विचारतात. मी त्यातला नाही. गावीसुद्धा असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. वायरिंग करणारा माणूस आहे मी... करंट कुठून आला आणि कुठे गेला एवढं सापडलं की माझ्यासाठी विषय संपतो. पण एका गोष्टीचा करंट कुठून आला ते आजपर्यंत सापडलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय. शिक्षण आठवीपर्यंतच, त्यामुळे लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बडोद्याला अलकापुरीत जगताप काकांचं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान होतं. त्यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या फौजेत होते. घरात मराठी आणि गिऱ्हाइकासमोर गुजराती, असा त्यांचा सगळा कारभार. मी मालवणजवळच्या खेड्यातून आलेला, एकवीस वर्षांचा. काकांनी दुकानामागची खोली राहायला दिली, जेवण काकूंच्या हातचं. इतकं कुणी आपल्यासाठी करतंय याचीच मला भीती वाटायची. रोज सकाळी वाटायचं, आज काका म्हणणार — जा बाबा घरी.

दीड वर्ष मी सीट कव्हरं चढवली आणि काकांच्या हातात पाने-स्क्रूड्रायव्हर दिले. मग एका रविवारी सकाळी ते म्हणाले, "आज टेप तू बसवायचा. मी हात लावणार नाही."

गाडी कुणाची, तर त्यांच्या मुलीची, मीनलताईची. पांढरी मारुती. नवीन कॅसेट प्लेअर, मागे दोन स्पीकर. दुपारी ताई पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन करजणला सासरी निघणार होती.

काकांचा एक नियम होता. बॅटरीकडून येणारी मुख्य वायर पत्र्याला भोक पाडून डॅशबोर्डमध्ये घ्यायची, आणि त्या भोकात रबराची कडीसारखी गोल चकती बसवायची. नाहीतर पत्र्याची धार वायर कापते, आणि गाडी पेटूही शकते. ती चकती विसरू नये म्हणून काम सुरू करतानाच करंगळीत अंगठीसारखी घालायची. करंगळी मोकळी दिसली म्हणजे चकती जागेवर गेली. काकांनी स्वतः वीस वर्षं तसंच केलं होतं.

मी पहिल्यांदा बॅटरीची काळी केबल काढली, करंगळीत रबर घातलं आणि कामाला लागलो. काका स्टुलावर बसून बघत होते.

"ए कोकण, मुलगी बघायला आलायस का? केवढा घाम!"

"पप्पा, त्याला श्वास तरी घेऊ द्या," ताई म्हणाली. तिने सगळ्यांसाठी सेव-उसळ आणली होती. "चल, हात धू. आधी खा."

हात धुताना मी करंगळीतलं रबर काढून शर्टाच्या खिशात टाकलं. खाऊन परत आलो, वायर भोकातून ओढली, जोडण्या केल्या, प्लेअर सरकवला, स्क्रू आवळले, गालिचा अंथरला. करंगळी बघितली — मोकळी. मनात म्हटलं, झालं.

काका फोन घ्यायला आत गेले. ताई बाळाला घेऊन पायरीवर बसली होती. मी शेवटचं म्हणून बॅटरीची केबल उचलली. ती अजून जोडलेली नव्हती, हे नीट लक्षात घ्या. केबल माझ्या हातात होती. प्लेअरमध्ये कॅसेटही नव्हती.

आणि मागच्या स्पीकरमधून आवाज आला.

"झिला... उगड तां. परत बघ."

झिला म्हणजे पोरा. आमच्याकडची बोली. बडोद्यात दीड वर्षात तो शब्द मी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा, दमलेला, अजिबात न ओरडणारा. माझ्या वडिलांचा नव्हता, आजोबांचाही नव्हता. ओळखीच्या कुणाचाच नव्हता.

"कोण बोललं रे?" ताईने वळून विचारलं.

म्हणजे तिनेही ऐकलं होतं. केबल जोडून टाकावी, टेप वाजवून दाखवावा, काका पाठ थोपटतील, ताई निघून जाईल... किती सोपं होतं ते. पहिलंच काम, आणि लावलेला डॅशबोर्ड मालकासमोर परत उघडायचा? तेवढ्यात बाळाने ताईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी केबल खाली ठेवली आणि पाना घेतला.

काका बाहेर आले. "अरे, हे काय? मीनलला मोडू होतंय, उशीर होतोय! काय विसरलास?"

मी गालिचा बाजूला केला, प्लेअर ओढला, वायर धरून वर उचलली. नुसती ओढतानाच पत्र्याच्या धारेने तिचं आवरण चिरलं होतं. तांबं चमकत होतं. करजणपर्यंतच्या रस्त्यावर हादरे बसले असते तर... मी खिशात हात घातला. रबर तिथेच होतं.

काकांनी वाकून त्या उघड्या तारेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"शंका आली, काका," मी म्हणालो.

खोटं बोललो. ताईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. काकांनी स्वतःच्या हाताने नवीन वायर कापून दिली. त्या दिवसापासून येईल त्याला सांगायचे, "हा पोरगा स्वतःची चूक स्वतः पकडतो, याच्या हातात गाडी बिनधास्त द्या." त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. इथेच हरणी भागात घर झालं, मुलं शिकली. काका गेले तेव्हाही त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

आईला एकदा विचारलं होतं, आपल्याकडे असा कुणी म्हातारा होता का? ती म्हणाली, "तसो आवाज कोणाचो आसतलो रे?" मीनलताईला विचारलं, तर म्हणते, "माणूस बोलल्यासारखं वाटलं, पण शब्द नाही कळले." बॅटरी सुटलेली असताना स्पीकर बोलूच शकत नाही. हे मला कुणी समजावायला नको, मीच चार जणांना शिकवतो.

तरीही प्रत्येक गाडीत, केबल जोडण्याआधी मी क्षणभर थांबतो आणि कान देतो. इतक्या वर्षांत पुन्हा एकदाही आवाज आला नाही. म्हणून मी स्वतःच गालिचा उचलतो, आणि परत बघतो.