नाव घेतल्याशिवाय ओ द्यायची नाही

भिवंडीत टेमघरला पालिकेचं संध्याकाळचं क्रीडा केंद्र आहे. तिथे नेत्राताई पोरींना कबड्डी शिकवते. शेलार गावच्या शेतकरी घरातली ही बाई ऐन उमेदीत चढाईला निघाली की समोरचा अख्खा संघ मागे सरायचा. आज तिला विचाराल तर तीच सांगेल, की माझ्यासारखी भित्री भागूबाई साऱ्या भिवंडीत सापडायची नाही. हा काही नम्रपणा नव्हे. स्वतःच्या हाडांची तिला कधीच फिकीर नव्हती, पण दुसऱ्यांच्या पोरी सांभाळायला घेतल्या आणि भीती तिच्या पोटात कायमची राहायला आली.

तिथे येणाऱ्या पोरींच्या आया कोणी काल्हेरच्या गोदामात पॅकिंगला, तर कोणी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जातात. शाळा दुपारी सुटते, आईची शिफ्ट संपायला दिवेलागण होते. मधल्या वेळात पोर खोलीत एकटी, आणि गल्लीत सतरा गावची सतरा माणसं. कबड्डी हे आपलं म्हणायला. खरं तर या बाया आपला घोर नेत्राताईच्या पदरात टाकतात आणि मग ड्युटी करतात.

एकदा एका अनोळखी माणसाने फाटकाबाहेरून एका पोरीला नावाने हाक मारली. तुझ्या आईने बोलावलंय, चल, म्हणाला. पोर निघालीही होती. रखवालदार विठूकाकांनी हटकलं म्हणून तो पळाला. त्या रात्री नेत्राला झोप लागली नाही. गावाकडची जुनी माणसं म्हणायची, तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ देऊ नये, हाकामारी असते. भुताखेतांचं देव जाणे, पण माणसांच्या बाबतीत ते अगदी खरं निघालं होतं. तेव्हापासून तिने प्रत्येक पोरीला एक गुपित नाव दिलं. ते त्या पोरीला, तिच्या आईला आणि नेत्राला, एवढ्यांनाच ठाऊक. अंधारात कोणी बोलावलं आणि ते नाव घेतलं नाही, तर आवाज कोणाचाही असो, ओ द्यायची नाही. पोरींना ही गंमतच वाटली. कोणी बोंबील झाली, कोणी खारूताई. चंद्राची लेक रीमा समोरच्या पोरीचा पाय खेकड्यासारखा एकदा धरला की सोडायची नाही, म्हणून ती चिंबोरी.

त्या दिवशी सराव आटोपल्यावर पोरींनी लपाछपीचा हट्ट धरला. खेळ रंगात आला आणि लाइट गेली. गल्लीतले लूम एका दमात थांबले. पोरींनी कल्ला केला, फाटकाशी आया खोळंबल्या होत्या, आणि नेत्राने अंधारातच एकेकीचा हात आईच्या हातात दिला. चंद्राची ड्युटी लांबली की शेजारची बायजाबाई आपल्या नातीबरोबर रीमालाही न्यायची. आजही तिनेच नेलं असणार, असं नेत्रा धरून चालली. हॉलच्या दाराशी तिने चपला पाहिल्या. ही तिची रोजची रीत. दाराबाहेर चप्पल उरली नाही, म्हणजे आत कोणी उरलं नाही. तिने कुलूप लावलं, किल्ली विठूकाकांना दिली आणि रिक्षा पकडून शेलारला गेली.

भाकरी तव्यावर असताना चंद्राचा फोन आला. "ताई, माजी पोर तुमच्याकडं हाय ना?"

बायजाबाई तापाने फणफणली होती. ती केंद्रावर गेलीच नव्हती, तिची नातही घरीच होती; ती आज सरावाला आली नव्हती, हे अंधाराच्या गडबडीत नेत्राच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. नेत्राने गॅस बंद केला की नाही, हेही तिला पुढे आठवेना. रिक्षात ती दांडा घट्ट धरून बसली होती आणि मन नको नको तिकडे धावत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही उगीच नाही. तिला फाटकाबाहेरचा तो माणूस दिसला, काल्हेरच्या रस्त्यावर मागे येणारे ट्रक दिसले, नदीकडचा काळोख दिसला. आणि या सगळ्यात रीमाचा हात धरलेलं कोणीतरी दिसत होतं, फक्त त्याला तोंड नव्हतं.

टेमघरला अजून लाइट आली नव्हती. विठूकाका म्हणाले, मी मघाशीच हॉलला फेरी मारली, आत कोण हाय का म्हणून ओरडलो, कोणी बोललं नाही. नेत्राने तरी खिडकीच्या गजांना तोंड लावून हाक मारली. रीमा, ए रीमा, मी ताई आहे. आत काळोख आणि शांतता. मोबाइलचा उजेड गुंडाळून ठेवलेल्या मॅटपर्यंत जेमतेम पोहोचला. आत असती तर बोलली नसती का, असंच कोणालाही वाटलं असतं. कुलूप उघडायचं तिला सुचलंच नाही. ती गल्लीकडे धावली.

किराणावाल्याला विचारलं, मशिदीजवळच्या चहावाल्याला विचारलं. "छोटी बच्ची, लाल फ्रॉक, देखी क्या?" लाल की निळा, तेही तिला खात्रीने आठवेना, आणि तेवढ्याने तिला रडू फुटलं. जी पोर रोज आपल्या हाताखाली, तिचा आजचा फ्रॉक आपल्याला आठवू नये. चंद्रापुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं, या विचाराने तिला क्षणभर वाटलं, कुठेतरी निघून जावं.

चंद्रा केंद्राच्या फाटकाशीच भेटली. तिने नेत्राकडे एकदा पाहिलं. मग तिने गल्लीकडे तोंड केलं आणि सारा जीव गोळा करून हाक मारली.

"चिंबोरीऽऽ"

लूम बंद होते. हाक भिंतींना आपटून परत आली. आणि पाठीमागून, कुलूपबंद हॉलमधून, बारीक आवाज आला.

"ओऽऽ"

विठूकाकांच्या हातातली किल्ली नेत्राने हिसकावून घेतली आणि कुलूप उघडलं. गुंडाळलेल्या मॅटच्या मागून रीमा बाहेर आली. छातीशी नव्या सँडल धरलेल्या. नव्या आहेत, कोणी नेईल, म्हणून तिने त्या आत आणल्या होत्या. लाइट गेली तरी, कोणी शोधायला आलं नाही म्हणून, लपून बसली ती बसलीच. दार लागलं तेव्हा घाबरली, आणि पुरुषाचा आवाज आला तेव्हा तिने श्वाससुद्धा धरून ठेवला. चंद्राने तिला उचललं. तिचा फ्रॉक हिरवा होता.

नेत्राने विचारू नये ते विचारलं. "मी खिडकीतून हाक मारली, तेव्हा का गं बोलली नाहीस?"

"आवाज तुजाच व्हता, ताई," रीमा आईच्या खांद्यावरून म्हणाली. "पन नाव न्हाय घेतलंस. मला तुजीच भीती वाटली."

नेत्रा त्या रात्री जेवली नाही. उद्या चंद्रा पोरीला पाठवणार नाही, आणि कोणत्याही शहाण्या आईने पाठवू नये, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी हॉल उघडताना तिने आधी मॅटच्या मागे पाहिलं, मग दाराशी येऊन उभी राहिली.

ड्युटीतून घटकाभर सुटी काढून चंद्रा आली. रीमा तिच्या बोटाला होती. चंद्राचे डोळे सुजलेले होते. तिने पोरीचा हात नेत्राच्या हातात दिला, पण स्वतःचा लगेच काढून घेतला नाही.

"नवं नाव द्या, ताई," ती हळूच म्हणाली. "त्ये आता सगळ्या गल्लीनं आयकलंय."