गळ्यातली पाटी

हिंदी मुलखातल्या आमच्या खातीपुऱ्याच्या घरातले कपाट आवरताना ती लाकडी पाटी सापडली. शाळेत इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याच्या गळ्यात ती दिवसभर असायची. नियम शाळेचा होता. पाटी अडकवायची मी, इंग्रजीची शिक्षिका.

वीस वर्षांपूर्वी नववीच्या तासाला माझीच मुलगी उठून म्हणाली, “आई, डोकं ठणकतंय गं.”

वर्ग हसला. “मॅडमजी, पाटी! रूल तो रूल है!” मागून कोणी ओरडले. त्या हिंदीला शिक्षा झाली नाही. मी पाटी मुलीच्या गळ्यात घातली. तिची मान तापाने चटका देत होती, तरी मी धडा पुढे चालू ठेवला.

त्याला मी शिस्त म्हणत असे. आज त्या नियमाची चीड येते, माझी त्याहून जास्त. मुलगी आता आजारी पडली, तर बरी झाल्यावरच मला सांगते.