शेजारचा ग्रह

माझ्या सगळ्या मैत्रिणींची लग्नं झाली आणि मी ओतूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. सकाळची बॅच सुटली की संध्याकाळच्या बॅचपर्यंत मी एकटीच. पिंपरी पेंढारला घरी जाऊन परत येण्याचा कंटाळा यायचा.

अशाच एका दुपारी इंटरनेटवर अंतराळाचा एक खेळ सापडला. नाव नोंदवलं की एक छोटा ग्रह मिळायचा. त्यावर धातूची खाण बांधायची, वीज तयार करायची, मग जहाजं. एकेका कामाला तासन्‌तास लागत. मला कुठे घाई होती?

एकदा क्लासचे मालक मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, काय चाललंय?"

"खाण बांधतेय, सर. माझ्या ग्रहावर."

"लाइट हाय का तिथं?"

"आहे."

"मग बरंय. इथं तर लई बोंब हाय."

एका सोमवारी बघते तर ग्रह लुटलेला. रविवारी क्लास बंद असताना कुणीतरी जहाजं फोडून सगळा धातू नेला होता. मला रडूच आलं. घरी सांगून उपयोग नव्हता. आईने "कुठं व्हतं ते?" एवढंच विचारलं असतं.

लुटणारा शेजारच्याच ग्रहावरचा होता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला लिहिलं, 'मी नवीन आहे. मलाच का लुटलं?'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'जहाजं घरी उभी करून जायचं नसतं, भाऊ. निघताना त्यांना लांब कुठेतरी पाठवून द्यायचं. तू येशील तेव्हा तीही येतील.' सोबत निम्मा धातू परत पाठवला होता.

'भाऊ' मी दुरुस्त केलं नाही.

मग तो मला शिकवू लागला. आधी काय बांधायचं, कुणाच्या वाटेला जायचं नाही. त्याचा देश कोणता, मी विचारलं नाही. एकदाच त्याने लिहिलं, 'आईला दवाखान्यात ठेवलंय. तिच्या उशाशी बसून खेळतोय.' आता कशी आहे, असं मी विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

काही आठवड्यांनी त्याच्या नावापुढे खूण आली. हा खेळाडू आता येत नाही, असा तिचा अर्थ. अशा ग्रहावर कुणीही तुटून पडतं, आणि आसपासचे सगळे त्याला लुटू लागले. आता माझ्याकडेही पुरेशी जहाजं होती. मी ती भरून रोज दुपारी त्याच्याकडे पाठवायचे आणि धातू उतरवून रिकामी परत आणायचे. तो धातू दुसरेच नेणार, हे मला ठाऊक होतं. तरी तो आलाच, तर त्याला घर अगदीच रिकामं दिसू नये, असं वाटायचं.

एके दिवशी जहाजं निघेनात. शेजारी ग्रहच नव्हता, नुसती काळी जागा. त्याच्या नावाने निरोप लिहून बघितला, तर असा खेळाडू नाही, असं आलं.

मग संध्याकाळच्या मुली जिन्यावर बोलत येताना ऐकू आल्या, तेव्हा उठून त्यांची मशिनं चालू केली.