सागिनबायची ऐट, पोरांचं तळं

सागिनबाय घरात असला काय आणि नसला काय, चहाला एक वाटी जास्त लागायची एवढाच फरक. कोचकोर गावच्या जनावरांच्या बाजारात तो दिवसभर दुसऱ्यांच्या मेंढ्यांची चरबीदार शेपटं चाचपत हिंडायचा. घ्यायचं नाही, विकायचं नाही, लोकांच्या सौद्यात तोंड घालायचं आणि सौदा जमला की छाती काढून म्हणायचं, "मी हुतो म्हणून झालं." डोक्यावरचा पांढरा काल्पाक, ती उंच लोकरी टोपी, मात्र रोज झटकून ठेवायचा. डोक्यात काही नसलं तरी डोक्यावर असावं, एवढी अक्कल त्याला होती. घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, कालिपाच्या हातावर. ती हंगामात कांदे निवडायची आणि थंडीत लोकांना लोकरीच्या फेल्टच्या सतरंज्या शिवून द्यायची.

तीन उन्हाळे तो पोरांना इसिक-कुल दाखवणार होता. तळं गाडीनं तासाभरावर. परमुलखाची माणसं येऊन तिथं पोटं वर करून पडतात आणि कालिपाची पोरं घरामागच्या पाटात गुडघाभर चिखलात डुंबायची. यंदा ऑगस्टातला शेवटचा रविवार उजाडला. सोमवारपासून कालिपाचे कांदे, मंगळवारपासून पोरांची शाळा. आज नाही तर वर्षभर नाही, हे तिनं ओळखलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघायचं सोडून दिलं.

तिनं पहाटे कणकेचे बोरसोक तळले, बटाटे उकडले. शेजाऱ्याकडनं ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब मागून आणली. ती थोरल्या जिबेकच्या गळ्यात. मधला बेकझात वाटभर ट्यूबला नाक लावून हुंगत होता. धाकटी सेझिम चार वर्षांची, तिला तळं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पण सगळे हसतायत म्हणून ती पण हसत होती.

जातानाचं भाडं देऊन एक हजार सोमची नोट उरणार होती. त्यात परतीचं भाडं आणि पोरांना एकेक उकडलेलं कणीस. ती नोट कालिपानं नवऱ्याच्या खिशात ठेवली. गाडीवाल्यापुढं बाईनं पैसे काढले तर ह्याचं नाक कापलं जातं म्हणून. तिथंच ती चुकली. बारा वर्षं ह्याच्याबरोबर काढून तिला अजून त्याच्या नाकाची काळजी होती.

तळ्याकाठच्या बालिक्ची गावाच्या वेशीवर सागिनबायला त्याच्या चुलतभावाचं, अबदिल्दाचं घर दिसलं. अंगणात कढया, चहाचे समोवार, माणसांची ही गर्दी.

"थांबीव, थांबीव!" तो गाडीवाल्यावर ओरडला. "आमच्या घरात लगीन दिसतंय!"

"तुमच्या घरात न्हाई, त्यांच्या," कालिपा म्हणाली. तोवर तो उतरलेला. पोरांना घेऊन तीही उतरली आणि भाडं घेऊन गाडी निघून गेली.

अबदिल्दाची बायको सायकाल फडक्याला हात पुसत पुढं आली. "या भावजी, या! काल सून आणली. पडद्याआड बसलीय, तोंड बघून जावा!"

नव्या सुनेचं तोंड बघितलं की हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. न बघता 'मागनं येतो' म्हटलं तर कुणी रागावत नाही. कालिपानं नवऱ्याची बाही ओढली. "बघू नका. परतताना येतो म्हणा. नोट एकच हाय."

"चुलतभावाची सून हाय ती. मी काय भिकारी हाय का?"

"मग काय हाय?"

पण खोलीत पंचवीस माणसं बसलेली. पंचवीस माणसं बघितल्यावर सागिनबायच्या अंगात वारं शिरायचं. त्यानं काल्पाक सरळ केला, सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि पडदा उचलला. नवरीनं तीनदा वाकून नमस्कार केला. पोरगी घामानं डबडबलेली, तिला कोण आला नि कोण गेला ह्याचं सोयरसुतक नव्हतं. ह्यानं ती नोट दोन बोटांत धरून, खोलीभर दिसेल अशी फिरवून तिच्या मांडीवर टाकली. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बाजारात ज्याला कुणी विचारत नाही तो इथं थोरला चुलता झाला.

"बस गं," तो बायकोला म्हणाला. "आता मटण हुईल. तळं काय पळून जातंय?"

जिबेकनं आईकडं बघितलं. ती रडली नाही. तिनं ट्यूब गळ्यातनं काढून हळूच भिंतीला टेकवली, सवयीच्या माणसानं ठेवावी तशी. ते मात्र कालिपाला बघवलं नाही.

"उचल ती," ती म्हणाली. जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावरची नान तिनं मोडली, पोरांच्या तोंडात तुकडा-तुकडा कोंबला, एक आपल्या तोंडात टाकला. भाकर चाखल्याशिवाय पाहुण्यानं जायचं नसतं; ती चाखली, आता उंबरा ओलांडायला कुणाची हरकत नव्हती. "वैनी, सुनंचं तोंड मी पुढल्या खेपेला बघते. माझ्या वाटचं मटण पण ह्यांनाच वाढा. खाण्यात ते कुठं कमी पडत न्हाईत."

खोली हसली. सागिनबायही हसला, त्याला वाटलं कौतुकच झालं.

पाऊण तास धूळ तुडवत ती पोरांना घेऊन चालली. सेझिम कडेवर, बटाटे पाठीवर. काठावर फुटक्या बाटल्या होत्या, गंजलेली होडी होती, वारा सुटला होता. पोरांना त्यातलं काही दिसलं नाही. बेकझातनं पाणी चाखलं आणि किंचाळला, "आये, खारं हाय! कुणीतरी मीठ घातलंय!" ट्यूबमध्ये तिघं एकदम बसली आणि तिघं एकदम उलटली.

दुपार कलली तसा सागिनबाय आला. हनुवटीला चरबी, हातात हाडकांची पिशवी.

"पुतण्यानं गाडीनं सोडलं," तो म्हणाला. "घरापर्यंत सोडतो म्हणत हुता. मी म्हटलं जा बाबा, आमचं आमी बघतो."

"काय बघणार?"

त्यानं काल्पाक काढून झटकला.

"रस्त्यावर जावा," कालिपा म्हणाली. "हात दावा. कुठला ट्रक फुकट नेतोय का इचारा."

"मी? रस्त्यावर हात पसरू?"

"नोट टाकताना पसरला तसाच पसरा. आता मांडी न्हाई, एवढंच."

तो गेला. डांबरी रस्त्याच्या कडेला काल्पाक घालून उभा राहिला. पण हात असा दाखवायचा की जणू ट्रकवाल्यावर उपकार करतोय. पहिला ट्रक गेला. दुसरा गेला. तिसऱ्यानं भोंगा वाजवला आणि गेला.

"आये, बाला गाडी मिळाली का बघ गं," जिबेक पाण्यातनं ओरडली. "निघायचं?"

कालिपानं मान वळवून बघितलं. मेंढरं भरलेला चौथा ट्रक सागिनबायच्या अंगावर धूळ उडवून निघून गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातनं काही चांगलं होत होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "डुंबा."