पाठीवरचं यंत्र

आमच्या सांगलीच्या खो-खो संघात पुण्याहून नवे प्रशिक्षक आले, त्याच आठवड्यात आम्हा मुलींच्या पाठीवर यंत्रं आली. बनियनसारखं घट्ट जाकीट, त्यात दोन्ही खांद्यांच्या मध्ये काडेपेटीएवढी डबी. ती उपग्रहावरून आपली जागा ओळखते आणि कोण किती पळालं ते सरांच्या टॅबवर दिसतं, असं त्यांनी सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून ती डबी आवडली नाही. सर आवडले नाहीत, हे जास्त खरं.

माझा खेळ साखळीचा. मैदानाच्या मधल्या पाटीवर ओळीनं बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी जायचं, हूल द्यायची, दोन पावलांत वळायचं. आमची उंच मैत्रीण मैदानाच्या कडेनं मोठे गोल मारायची. टॅबवर ती कायम वर आणि मी कायम तळाला. दम तर दोघींना सारखाच लागायचा.

एका संध्याकाळी सरांनी सगळ्यांना गोल बसवून टॅब माझ्याकडे वळवला. मी अंग चोरते, म्हणाले. पंच, प्रेक्षक फसतील, यंत्र फसत नाही, असंही. माझी कानशिलं तापली. मी म्हणाले, मैदानाला लागून चार मजली इमारत आहे, वर पत्र्याचं छत आलंय, आणि मी हातभर जागेत वळते, ते वरून नीट दिसतं का? त्यांनी मला विज्ञान शिकवू नकोस म्हणून गप्प केलं. साताऱ्याच्या स्पर्धेच्या संघातून माझं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूनं उभी राहिली ती उंच मैत्रीणच. तिला त्या आकड्यांचा फायदा होता, तरी तिनं माझं जाकीट आपल्या जाकिटावर चढवलं आणि सरांना न विचारता माझ्यासारखी साखळी खेळली. घामाघूम होऊन ती टॅबपाशी गेली. दोन्ही डब्या एकाच पाठीवर, पण दोन आकडे वेगळे, चांगलेच वेगळे. आणि दोन्ही तिच्या रोजच्या आकड्यापेक्षा खूप कमी.

"सर, आता ह्यातली मी कंची?" तिनं विचारलं.

सरांनी टॅबवर दोन्ही आकडे मोठे करून बघितले. मग म्हणाले, "दोन्हींची सरासरी धरू."

मला त्या माणसाचा इतका राग आला की हातातली बाटली मी भिंतीवर फेकली. त्याबद्दल मला ताकीद मिळाली, आणि संघ माझ्याशिवाय साताऱ्याला गेला.

तिथं संघ जिंकला. हे मला आजही गिळवत नाही. तो हरावा म्हणून मी घरात बसून वाट बघत होते, आणि मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी तिचं धड अभिनंदनही केलं नाही. सरांना वाटलं, आपलंच बरोबर होतं. मी तो संघ सोडला आणि मिरजेच्या संघाकडून खेळू लागले.

पुढच्या मोसमात ती जाकिटं फक्त सरळ पळण्याच्या सरावाला वापरतात, असं कानावर आलं. त्याचं कारण कोणी सांगितलं नव्हतं. मग एका रविवारी सर आमच्या दारात आले. परत ये, म्हणाले.

"तेव्हा उपकरणाची मर्यादा लक्षात आली नव्हती."

"डबीनं मला कामचुकार म्हटलं नव्हतं सर," मी म्हणाले. "तुमी म्हटलं होतं."

त्यांनी बाहीवर पडलेला धागा झटकावा तसा हात हलवला. झालं गेलं विसरायचं, म्हणाले. माफीचा शब्द तोंडातून निघाला नाही. आईनं पाहुणा म्हणून चहा ठेवला. तो त्यांनी बशीत ओतून निवांत संपवला, आणि ते जाईपर्यंत मी खुर्ची असूनही बसले नाही. मिरजेकडूनच खेळते. एखाद्या मैदानावर ते समोर आले तर पंचांना नमस्कार करते, त्यांना नाही.