काट्यासकट मासोळ्या

सानगडीच्या बाजारात सुक्या मासोळ्या विकणारी ती म्हातारी माझ्यावर पाळत ठेवते, असा मला संशय होता. हातात तराजू असला तरी नजर माझ्यावरच. छातीत हाताला लागलेली गाठ मी घरीही सांगितली नव्हती. कॅल्शियम खाल्लं तर असल्या साध्या गाठी होत नाहीत, असं मोबाईलवर वाचून बारीक मासोळ्या काट्यासकट खात होते.

एकदा ती हळूच म्हणाली, "गाठ आहे न वं तुले?"

मी चमकले. आता ही औषध म्हणून दुप्पट माल गळ्यात मारणार!

"मावशी, तुला कोणी सांगितलं?"

"तुह्या हातानं. घडीघडी तिथंच जाते. माहा बी जाये."

बांधलेली पुडी तिनं परत ओढली.

"हे मंग नेजो. पयले डॉक्टरले दाखव."