अठरा गिअरचा जावई

आता तुम्हाला काय सांगायचं आणि कुठल्या तोंडानं सांगायचं! तरी सांगतो. पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता.

तेव्हा मी जव्हारला एका कचेरीत कारकून होतो आणि माझं लग्न जमत आलं होतं. मुलगी सुमन, खोडाळ्याच्या शाळेत शिक्षिका. घर वर सूर्यमाळच्या एका पाड्यावर. साखरपुड्याचा दिवस धरायला मला रविवारी तिकडे जायचं होतं. आता आमच्या डोंगरात जावयाला पहिला प्रश्न काय विचारतात? पगार? छे! "गाडी हाय का?"

मोटारसायकल घेण्याची माझी ऐपत नव्हती. म्हटलं, निदान झकास सायकल तरी घेऊ. गेलो नाशिकला.

दुकानात एक सायकल पुढून-मागून स्प्रिंगवाली होती. तिच्यावर बसलो तर पाळण्यात बसल्यासारखं वाटलं, पण किंमत ऐकून झोपच उडाली. दुसरी स्वस्त होती, टायर जाडजूड, पण गिअर नाहीत. ती घेऊन आमचा घाट चढायचा म्हणजे बैलाशिवाय नांगर ओढायचा! तिसरी मात्र मनात भरली. लालभडक, फक्त पुढं स्प्रिंग आणि अठरा गिअर.

"हिला मडगार्ड, स्टँड, कॅरियर काहीच कसं नाही हो?" मी विचारलं.

"माउंटन बाईकला नसतं ते."

"मग साध्या सायकलीपेक्षा महाग का?"

"नसतं म्हणूनच!" दुकानदार म्हणाला. "आणि साहेब, हिला सायकल म्हणू नका. बाईक म्हणा, बाईक!"

म्हटलं! तिथंच तर घोटाळा झाला!

तेव्हा आमच्याकडे मोबाईल पोचले नव्हते. पाड्याजवळच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं मी सुमनच्या वडलांना, म्हणजे मामांना, बोलावून घेतलं. लाईन अशी की पलीकडे कुणीतरी पापड तळतंय असं वाटावं.

"मामा, रविवारी येतो! नवी बाईक घेतलीय!"

"बाईक? अरे वा! डोंगर चढंल ना?"

"डोंगरासाठीच बनवलीय! अठरा गिअर आहेत!"

पलीकडे क्षणभर पापडसुद्धा तळायचे थांबले. मग मामा दुकानातल्या लोकांना ओरडून सांगताना ऐकू आले, "अठरा गिअर हायेत म्हणतो! ट्रकला तरी असतात का रं एवढे?"

पुन्हा खरखर सुरू झाली. "जावईबापू, आमच्याकडं खर्रर्र... पंप खर्रर्र... लय लांब!"

मला फक्त 'पंप' एवढंच कळलं. डोळे भरून आले हो! माझ्या चाकातल्या हवेची एवढी काळजी?

"चिंता करू नका मामा," मी ओरडलो, "पंप माझा स्वतःचा आहे!"

झालं! रविवारपर्यंत ही बातमी पाड्यापाड्यांतून फिरली. मला बिचाऱ्याला काय पत्ता!

रविवारी जीपच्या टपावर सायकल बांधून खोडाळ्यापर्यंत आलो. म्हटलं, पुढं थाटात चालवत जाऊ. कसला थाट? गिअर बदलायला गेलो की चेन निसटायची. अर्धा चढ मी सायकलला ढकलत नेलं. पाड्याआधीच्या वळणावर घाम पुसला, केस नीट केले, सीटवर बसलो आणि घंटी वाजवत आत शिरलो.

बघतो तर काय! अख्खा पाडा जमलेला! गाडीपुढं फोडायला नारळ, हळद-कुंकवाचं ताट. दोघं तर आपापल्या मोटारसायकली घेऊन, टाकीची झाकणं उघडून उभे. आणि सगळे माझ्या मागच्या रस्त्याकडं बघतायत.

"जावईबापू, सायकलवर कसे? गाडी खाली बंद पडली का?" मामांनी विचारलं.

"हीच ती, मामा. माउंटन बाईक."

मामांनी सायकलभोवती एक फेरी मारली. वाकून खालून पाहिलं. "इंजिन कुठं हाय?"

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. तुमचा पेट्रोलपंप कुठं हाय ते सांगा. आम्ही सकाळधरनं थांबलोय!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! मी मुकाट्यानं पिशवीतून हातपंप काढला. सुमनच्या आत्यानं तो घेतला, दाबला. फुस्स!

"आगं बाय! ही तं नुसती हवाच हाय!"

अख्खा पाडा लोळून हसला. मामा तेवढे हसले नाहीत. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "भावकीला काय सांगू मी आता?"

बायको हातची गेली, नक्की!

इतक्यात सुमन घरातून बाहेर आली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साडीचा काष्टा मारला, सायकल घेतली आणि सुटली उताराला! खाली विहिरीपाशी वळली. खटाखट गिअर टाकत, पाय न टेकता तो अख्खा चढ चढून वर आली. चेन? निसटायची काय हिंमत होती!

"बाबा," ती धापा टाकत म्हणाली, "रोज शाळेसाठी जीपची वाट बघायची कटकट मिटली. मला पसंत आहे!"

मामा ताडकन उठले. "फोडा रं नारळ! पोरीला पसंत हाय!"

मी लाजून मान खाली घातली. लग्न झाल्यावर धीर करून तिला विचारलं, "त्या दिवशी 'पसंत आहे' म्हणालीस, ते मला उद्देशून ना?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. "सायकल पसंत होती हो. तिच्याबरोबर तुम्ही आलात, त्याला मी काय करणार?"